डोंगरावरच्या घरासाठी कमी खर्चाचा हीट पंप कसा निवडावा

डिसेंबरच्या अखेरीस वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागली, की पाचगणी, भिलार, महाबळेश्वर या पट्ट्यात नव्याने राहायला आलेली कुटुंबे घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रांची चौकशी सुरू करतात. त्यांतल्या अनेकांच्या कानावर अलीकडे ‘हीट पंप’ हा शब्द पडलेला असतो. परदेशी उणे पंचवीस अंशांतही चालणाऱ्या यंत्रांची जाहिरात पाहून आपल्यालाही तसेच काही हवे, असा त्यांचा समज झालेला असतो. सातारा जिल्ह्यातील डोंगरमाथ्यावरची थंडी मात्र त्या जातीची नाही. ती सौम्य आहे, पण दमट आहे. या एका गोष्टीचे भान ठेवून निवड केली, तर बराच पैसा वाचतो आणि घरही उबदार राहते. ज्यांनी यापूर्वी असे यंत्र कधी घेतलेले नाही त्यांच्यासाठी, खरेदी ज्या क्रमाने व्हावी त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी : यंत्र काय करते ते समजून घ्या

साधा रूम हीटर विजेची उष्णता करतो. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून अधिक कधीही नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, ती बाहेरच्या हवेतून उपसून घरात आणतो. आपल्याला थंड वाटणाऱ्या ५ अंशांच्या हवेतही उष्णता असते, आणि यंत्रातला वायू त्याहूनही थंड होऊन ती शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून गरम करतो आणि ती उष्णता खोलीत सोडली जाते. शेतकरी घरातल्या माणसाला हे विहिरीवरच्या पंपावरून लगेच उमगेल. पंप पाणी निर्माण करत नाही, वर चढवतो. आणि विहीर जितकी खोल तितकी वीज जास्त लागते. येथे विहिरीची खोली म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या तापमानांतले अंतर होय.

एका युनिट विजेत किती युनिट उष्णता घरात आली, या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. आपल्याकडच्या थंडीत चांगल्या यंत्राचा सीओपी ३ च्या आसपास धरून चालण्यास हरकत नाही. घरातला एसीही याच तत्त्वावर चालतो, फक्त उलट दिशेने. म्हणून आपल्याकडे खोलीसाठी मिळणारा सर्वांत स्वस्त हीट पंप म्हणजे बाजारात ‘हॉट अँड कोल्ड’ नावाने विकला जाणारा इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी होय. आंघोळीच्या पाण्यासाठीचा हीट पंप हे वेगळे यंत्र आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरी पायरी : थंडी मोजा

दव गोठले म्हणजे हवेचे तापमान शून्यावर गेले, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो बरोबर नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत, मोटारीची टपे आणि जेटीवरच्या फळ्या आपली उष्णता आकाशाकडे टाकून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंश थंड होतात. त्यामुळे डोक्याच्या उंचीवर हवा ४-५ अंश असतानाही जमिनीलगतचे दव गोठू शकते. हीट पंपाला कामाला येते ती हवा, गवत नव्हे.

म्हणून एक साधा थर्मामीटर आणा, घराच्या उत्तरेकडे किंवा कायम सावलीच्या जागी जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर टांगा, आणि ऐन थंडीचे पंधरा दिवस पहाटे सहा वाजता व दुपारी तीन वाजता नोंद करा. तलावाकाठी किंवा दरीच्या खोलगट भागात थंड हवा साचते, तर टेकाडावरच्या घरात त्याच पहाटे बराच फरक दिसतो. तेव्हा शेजारच्या गावाचा आकडा आपला समजू नये. पहाटेचे किमान तापमान ५-६ अंशांच्या खाली क्वचितच जात असेल, तर उणे १५ किंवा उणे २५ अंशांची हमी देणाऱ्या यंत्रावर जादा पैसे घालणे म्हणजे पावसाळी ओढ्यासाठी समुद्रात जाणारी बोट घेण्यासारखे आहे. सातारा शहर, कऱ्हाड, सांगली, मिरज या सखल भागांत तर खोली गरम करण्याच्या यंत्राची गरजच मोजक्या रात्री भासते. तेथील वाचकांनी सरळ गरम पाण्याच्या पायरीकडे वळावे.

तिसरी पायरी : आधी घराच्या फटी बुजवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि कमी खर्चाचे खरे रहस्य येथेच आहे, असे माझे ठाम मत आहे. एक उदाहरण घेऊ. बारा बाय चौदा फुटांची, दहा फूट उंचीची खोली आहे, दोन भिंती बाहेरच्या आणि नऊ इंच जाडीच्या, वर स्लॅब, सुमारे तीन चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी. बाहेर ६ अंश आणि आत २० अंश हवे असतील तर भिंतींतून अंदाजे ५६० वॉट, स्लॅबमधून ६३० वॉट, काचेतून २३० वॉट आणि फटींतून येणाऱ्या गार हवेमुळे सुमारे २०० वॉट, अशी एकूण १,६०० वॉटच्या घरात उष्णता सतत बाहेर जाते. आता हीच खोली स्लॅबऐवजी मंगलोरी कौलांची, वर छत न घातलेली असेल, तर कौलांमधून आणि त्यांच्या फटींतून इतकी हवा पळते, की तोच आकडा तीन हजार वॉटकडे जातो.

म्हणजे कौलारू घराला आधी लाकडी किंवा प्लायचे छत घालणे, छतावर इन्सुलेशनचा थर पसरणे, दाराखाली रबरी पट्टी लावणे, खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या भेगा सिलिकॉनने बुजवणे आणि जाड पडदे लावणे, या कामांनी यंत्राचा आकार जवळजवळ अर्धा होतो. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती सच्छिद्र असतात. त्या ओल धरतात आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता बाहेर नेते. पावसाची झड लागणाऱ्या बाजूस गिलावा किंवा पत्र्याचे आच्छादन नसेल, तर ते काम हीट पंपाच्या आधी करावे.

येथे सुरक्षिततेचा एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये, आणि बंद न्हाणीघरात गॅस गिझर बसवू नये. जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. हीट पंप घरात काहीच जाळत नाही, हा त्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण आहे.

चौथी पायरी : टन ठरवा

एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. वरच्या उदाहरणातील स्लॅबच्या खोलीला १.६ किलोवॉट लागतात. त्यावर थोडी राखीव क्षमता धरली तरी एक टनाचे यंत्र पुरून उरते. दुकानात मात्र ‘थंडी आहे, दीड टन घ्या, दोन टन घ्या’ असा आग्रह होतो. मोठे यंत्र खोली झटपट तापवून बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. त्यात वीज वाया जाते, कॉम्प्रेसर झिजतो आणि खोलीत कधी उकाडा तर कधी गारवा जाणवतो. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग कमी करून तासन्‌तास संथ चालू शकते, पण त्यालाही खालची मर्यादा असते. म्हणून माहितीपत्रकात कमाल क्षमतेबरोबरच किमान क्षमताही पाहावी; ती जितकी कमी तितके ते लहान खोलीला योग्य.

डोंगरावरच्या घरासाठी आणखी एक बारीक गोष्ट आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. हवा विरळ असल्याने पंख्यातून तेवढीच हवा गेली तरी तिच्याबरोबर येणारी उष्णता थोडी कमी भरते. यासाठी टन वाढवण्याची गरज नाही, पण गणितात अगदी काठावर बसणारे यंत्र घेऊ नये.

पाचवी पायरी : माहितीपत्रक वाचा

येथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या पहिल्या खरेदीच्या वेळी दुकानदाराने ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून जे यंत्र दिले त्याचे पाच तारे पाहून आम्ही निश्चिंत झालो. पहिल्या हिवाळ्याचे बिल आल्यावर कळले, की त्या यंत्रात गरम हवेसाठी चक्क हीटरची कॉइल होती; थंड करताना ते एसी होते आणि गरम करताना साधा रूम हीटर. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा विचारावा, की यंत्र उलट्या चक्राने गरम करते का, म्हणजेच त्यात रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह आहे का. तोंडी उत्तरावर विसंबू नये. माहितीपत्रकात गरम करण्याची क्षमता आणि त्या वेळी लागणारी वीज, हे दोन्ही आकडे दिलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. भागाकार तीनच्या वर आला तर तो हीट पंप आहे, एकच्या आसपास आला तर तो हीटर आहे.

आता ताऱ्यांविषयी. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे एसीवरचे तारे ज्या निर्देशांकावर दिले जातात, तो २४ ते ४३ अंश बाहेरचे तापमान धरून केवळ थंड करण्यासाठी काढलेला असतो. हिवाळ्यातल्या कामगिरीविषयी ते तारे काहीच सांगत नाहीत. पाच ताऱ्यांचे यंत्र उन्हाळ्यातही वापरणार असाल तर त्याचा लाभ आहे. महाबळेश्वरात वर्षभरात एसी गारव्यासाठी फारसा लावलाच जात नसेल, तर पाचव्या ताऱ्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा गरम करण्याचा सीओपी पाहून तीन ताऱ्यांचे इन्व्हर्टर यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते.

गरम करण्याची क्षमता आंतरराष्ट्रीय चाचणीत सहसा बाहेर ७ आणि आत २० अंश असताना मोजली जाते, आणि योगायोगाने ही आपल्याच पहाटेची स्थिती आहे. म्हणजे पत्रकातला हा आकडा आपल्याला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. अतिथंड प्रदेशांसाठीच्या यंत्रांची परीक्षा वेगळी असते. अमेरिकेत अशा यंत्रांच्या यादीत येण्यासाठी उणे १५ अंशांत किमान १.७५ सीओपी राखावा लागतो. त्या यादीतला मोठेपणा आपल्या बिलात उतरणार नाही. मात्र गरम करण्यासाठी बाहेरचे किमान तापमान किती चालते, हा आकडा पत्रकात अवश्य पाहावा. तो शून्य किंवा त्याखाली असला म्हणजे पुरे.

दमटपणामुळे ज्याला खरे महत्त्व येते ते डीफ्रॉस्टला. बाहेरची हवा ५ अंश असली तरी बाहेरच्या युनिटची कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतले बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसते. तलावाकाठच्या धुकट पहाटे हे वारंवार घडते. यंत्र मग काही मिनिटे चक्र उलटवून तो बर्फ वितळवते, त्या वेळी खोलीत गरम हवा येत नाही आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दिसते. तो बिघाड नव्हे. गरज असेल तेव्हाच डीफ्रॉस्ट करणारे यंत्र, ठरावीक वेळाने आपोआप करणाऱ्या यंत्रापेक्षा चांगले. कॉइलवर गंजरोधक लेप आहे का, हेही विचारावे, कारण चार महिन्यांचा पाऊस आणि धुके यांत उघडे पत्रे टिकत नाहीत.

यंत्रात भरलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या वायूच्या बाबतीत आज आर-३२ घ्यावा. जुन्या आर-४१० एच्या तुलनेत वातावरण तापवण्याची त्याची क्षमता सुमारे एक तृतीयांश आहे. तो सौम्य ज्वलनशील असल्याने बसवणारा माणूस प्रशिक्षित असावा. वापरलेले आर-२२ चे यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. तो वायू टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

सहावी पायरी : खोली की पाणी, याचा हिशेब मांडा

खोलीचा हिशेब असा. रात्री आठ तास, सरासरी सव्वा किलोवॉट उष्णता लागली तर दहा युनिट होतात. साधा हीटर दहा युनिट वीज घेईल, हीट पंप साडेतीनच्या आत. युनिटचा दर हिशेबापुरता १० रुपये धरला तर एका रात्रीमागे साधारण ६७ रुपये वाचतात; वर्षातून ७० रात्री यंत्र चालले तर जवळपास ४,७०० रुपये. दर मात्र आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा धरावा, कारण वाचणारे युनिट त्याच टप्प्यातले असतात. घरात सुटीपुरते पंधरा दिवस राहणाऱ्यांनी मात्र तेलाचा हीटर आणि चांगली रजई घ्यावी, हीट पंपाच्या मागे लागू नये.

पाण्याचे गणित अधिक फायद्याचे आहे, कारण डोंगरावर गरम पाणी बारा महिने लागते. चौघांसाठी १५० लीटर पाणी १८ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला ४,८०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ५.६ युनिट उष्णता लागते. गिझर तेवढी वीज घेतो, हीट पंप सुमारे १.९ युनिट. महिन्याला ११० युनिट, म्हणजे धरलेल्या दराने अकराशे रुपये वाचतात. गिझर आणि हीट पंप यांच्या किमतींतला फरक या रकमेने भागला की किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते कळते; फरक ५०,००० रुपये असेल तर पावणेचार वर्षांच्या आसपास. ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब पेटतो, त्यांनी लाकडाची किंमत आणि धूर, दोन्ही या हिशेबात धरावेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केलेला आहे आणि तेथे सरपणासाठी झाडाला हात लावणे योग्यही नाही.

सांगली, मिरज, सातारा शहर येथे ऊन भरपूर असल्याने सौर बंब हा हीट पंपापेक्षा सरस आहे, असे मी निःसंकोच सांगेन. महाबळेश्वरात मात्र जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही आणि तेथे हीट पंपाला तोड नाही. पाणी गरम करण्याचे काम टायमर लावून दुपारी करून घ्यावे. दुपारच्या २२-२४ अंशांच्या हवेतून उष्णता उपसणे पहाटेच्या गारठ्यापेक्षा सोपे असते. हे यंत्र गिझरसारखे दहा मिनिटांत पाणी देत नाही, तासन्‌तास घेते, म्हणून टाकी कुटुंबाच्या एका दिवसाच्या गरजेएवढी असावी. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय असावी, म्हणजे कोमट पाण्यात वाढणारे जंतू राहत नाहीत.

सातवी पायरी : बसवून घेताना उभे राहा

स्वस्त यंत्र नीट बसवले तर दहा वर्षे चालते, आणि महागडे यंत्र घाईत बसवले तर दुसऱ्याच हिवाळ्यात वायू गमावते. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा व बाष्प काढलेच पाहिजे; थोडा वायू सोडून हवा ‘ढकलून’ देणाऱ्यास थांबवावे. जोड नायट्रोजनच्या दाबाखाली तपासून घ्यावेत. बाहेरचे युनिट नैर्ऋत्येची झड थेट लागणार नाही अशा बाजूस, जमिनीपासून किमान दीड फूट उंच स्टँडवर बसवावे आणि त्याच्या खालच्या पाण्याला नळी लावावी, नाहीतर डीफ्रॉस्टचे पाणी पायवाटेवर साचून शेवाळ धरते. पाइपांवरचे काळे फोम माकडे कुरतडतात, त्यामुळे त्यावर पीव्हीसी किंवा पत्र्याचे आवरण घालावे. स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मोजून तपासलेले अर्थिंग हवे. मुरमाड आणि जांभ्या जमिनीत अर्थिंगचा रोध जास्त भरतो. वीजजोडणीचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे महावितरणच्या बिलावर आधीच पाहून घ्यावे.

विकत घेण्यापूर्वी दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे विचारावे. तो साताऱ्याचा किंवा वाईचा असेल तर पसरणीचा घाट चढून त्याच दिवशी येऊ शकतो. पुण्याहून येणार असेल तर त्याचा प्रवासखर्च आणि वाट पाहण्याचे दिवस किमतीत मिळवून मग तुलना करावी.

वापरताना तापमान २० ते २१ अंशांवर ठेवावे आणि झडपा खाली वळवाव्यात, कारण गरम हवा वर चढते. ‘लवकर तापेल’ म्हणून ३० वर लावल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त वीज जास्त जाते. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. पावसाळ्यात घर बंद ठेवणार असाल तर बाहेरच्या युनिटवर प्लास्टिक गुंडाळू नये, कारण आत ओल कोंडून गंज चढतो. वरून पत्र्याचे छोटे छप्पर घालून बाजू मोकळ्या ठेवाव्यात, आणि घर उघडल्यावर यंत्र सुरू करण्याआधी पंख्यात गांधीलमाशीचे पोळे किंवा पालापाचोळा नाही ना, हे वीज बंद ठेवून पाहावे.